‘घरी कळलं तर?’ या भीतीवर चालणारा धंदा

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जनजागृती महिन्याचं उद्घाटन झालं. तिथे अभिनेता अक्षय कुमारने स्वतःच्या घरातला एक प्रसंग सांगितला. त्याची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, समोर कुणी अनोळखी खेळाडू. आधी सभ्य, साधी वाक्यं. मग प्रश्न आला, तू मुलगा की मुलगी? मुलगी आहे म्हटल्यावर थोड्याच वेळात त्याने नग्न फोटो मागितले. मुलीने गेम बंद केला आणि जाऊन आईला सांगितलं. सातवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास सायबर सुरक्षेचा असावा, अशी मागणी अक्षय कुमारने त्याच कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांकडे केली.

बातम्या गाजल्या त्या फोटोच्या मागणीमुळे. खरं तर अशी मागणी रोज असंख्य मुलांकडे होते. त्यात दुर्मीळ काही नाही. दुर्मीळ आहे ती पुढची गोष्ट, मुलीने उठून आईला सांगणं. मुलांना ऑनलाइन फसवणाऱ्यांचा सगळा हिशेब मूल घरी सांगणार नाही या एका गृहीतकावर बसवलेला असतो. पासवर्ड, सेटिंग, फोनची वेळ हे सगळं हवंच, पण हे गृहीतक खोटं पाडणं त्याहून मोठं काम आहे. कसं, ते समजायला आधी डाव कसा रचतात ते नीट बघू.

डाव कसा रचतात

याला सेक्सटॉर्शन म्हणतात. खासगी फोटो किंवा व्हिडिओ मिळवायचा आणि तो पसरवण्याची धमकी देऊन काहीतरी उकळायचं. पैशांसाठी चालणाऱ्या प्रकारात बळी कोण, असं विचारलं तर बहुतेक पालक मुलींकडे बघतात. अमेरिकेच्या एफबीआयने दिलेल्या इशाऱ्यांत मात्र नेमकं उलट सांगितलं आहे. या प्रकारात सापडतात ते मुख्यतः १४ ते १७ वयाचे मुलगे. म्हणजे ज्याच्याबद्दल ‘तो काय, मुलगा आहे, त्याची काय काळजी’ असं आपण म्हणतो, तोच.

एका दहावीतल्या मुलाची कल्पना करा. इन्स्टाग्रामवर एका मुलीची फॉलो रिक्वेस्ट येते. चार-सहा फोटो, बायोमध्ये जवळच्याच शहराचं नाव. मुख्य म्हणजे वर्गातली सात-आठ मुलं तिला आधीच फॉलो करत असतात. तेवढं बघून हा रिक्वेस्ट स्वीकारतो. त्या सात-आठ जणांपैकी तिला कोण ओळखतं? कुणीच नाही. त्यांनीही एकमेकांची नावं बघूनच स्वीकारलेली असते. एका शाळेच्या मुलांना सरसकट रिक्वेस्ट पाठवायच्या, दोघे-तिघे गळाला लागले की त्यांच्या नावांवर बाकीच्यांचा विश्वास कमवायचा, ही पहिली पायरी. त्याच वेळी आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती लागते, ती म्हणजे फॉलोअर्सची यादी. पुढे तिचाच धाक दाखवला जातो.

एक-दोन दिवस गप्पा. कधी तासाभरातच. मग ‘इथे नको, व्हॉट्सॲपवर ये’ किंवा ‘टेलिग्रामवर ये’. कारण काहीही देतात. खरं कारण एवढंच, की इन्स्टाग्रामवरून काढून नेलं की तिथल्या इशाऱ्यांच्या कटकटीतून सुटका होते आणि मुलाचा फोन नंबर मिळतो. मग तीच आधी स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते. तो कुठून तरी चोरलेला असतो. ‘मी पाठवला, आता तू.’ त्या वयात रात्री साडेअकरा वाजता या वाक्यापुढे किती मुलं टिकतील, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

आपल्याकडे याचाच एक देशी अवतार आहे. व्हिडिओ कॉल येतो. उचलला तर समोर आधीच रेकॉर्ड केलेली अश्लील क्लिप चालू असते, आणि आपला चेहरा त्या क्लिपसोबत पडद्यावर टिपला जातो. राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरच्या मेवात पट्ट्यातल्या टोळ्यांची नावं या प्रकारात वारंवार येतात. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक प्रौढ पुरुष, पण नंबर फिरवताना समोरच्याचं वय कुणी विचारत नाही. पैसे नाही दिले तर दुसऱ्या दिवशी ‘पोलीस अधिकाऱ्या’चा फोन येतो, तुमच्यावर तक्रार आहे म्हणून. नंतर ‘यूट्यूबचा माणूस’, तुमचा व्हिडिओ अपलोड झालाय, काढायचा असेल तर एवढे भरा. ही सगळी पात्रं एकाच टोळीतली.

फोटो हाती पडला की एका क्षणात सूर बदलतो. एक जोडचित्र येतं, त्यात तो फोटो, मुलाचा चेहरा, शाळेचं नाव, फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आणि बहुधा आईचं किंवा बहिणीचं प्रोफाइल. ‘दहा मिनिटांत पाच हजार टाक, नाहीतर सगळ्यांना जाईल.’ दहा मिनिटंच का? मुलाला विचार करायला आणि कुणाशी बोलायला वेळ मिळू नये म्हणून. पाच हजार नाहीत म्हटलं तर ‘किती आहेत?’ असा प्रश्न येतो, आणि चारशे रुपयेही चालतात. चारशे दिले की हा देणारा आहे, एवढं त्यांना कळतं. मग मागणी थांबत नाही, वाढते.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका १७ वर्षांच्या मुलाने अशाच धमक्यांखाली, संपर्क सुरू झाल्यापासून काही तासांतच जीव दिला. धमक्या देणारे नायजेरियातले दोघे भाऊ होते. त्यांना अमेरिकेत नेऊन खटला चालवला गेला आणि २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने नायजेरियातून सेक्सटॉर्शनसाठी चालवली जाणारी इन्स्टाग्रामची सुमारे ६३ हजार खाती बंद केली. संघटित उद्योग आहे हा. तयार संवाद, तयार फोटो, वाटून घेतलेली कामं. त्याच्यासमोर पंधरा वर्षांचं एकटं पोर मूर्ख ठरतं, असं म्हणणं म्हणजे त्या उद्योगालाच हातभार लावणं आहे.

मुलींच्या बाबतीत मागणी बहुतेकदा वेगळी असते. आणखी फोटो, व्हिडिओ कॉल, भेटायला ये. समोरचा कित्येकदा ओळखीतला निघतो, जुना मित्र, क्लासमधला कुणी, सोसायटीतला मोठा मुलगा. आणि आता तर मुलीने काहीही पाठवलेलं नसलं तरी चालतं. डीपीवरचा किंवा स्नेहसंमेलनातला साधा फोटो घेऊन एआयने त्याचा नग्न फोटो बनवून देणारी ॲप्स फिरतात. ‘तू पाठवलासच का?’ हा प्रश्न तिथे मुळातच लागू पडत नाही. तरी तो विचारला जातो.

सांगत का नाहीत?

मुलाच्या जागी बसून हिशेब मांडा. घरी सांगितलं तर नक्की काय होईल? ओरडा किंवा मार, हे एक. फोन जाईल, म्हणजे मित्र, गेम, क्लासचा ग्रुप सगळं एकदम तुटेल, हे दुसरं. मुलगी असेल तर क्लास बंद, बाहेर जाणं बंद, काही घरांत कॉलेजच बंद आणि लग्नाची बोलणी सुरू. न सांगता चारशे रुपये टाकले तर? कदाचित सुटेन. मुलाच्या दृष्टीने हा हिशेब अगदी तर्कशुद्ध आहे. समोरच्याचं काम आपणच सोपं करून ठेवलेलं असतं. तो फक्त म्हणतो, ‘तुझ्या बाबांना पाठवू का?’

म्हणून जवळपास प्रत्येक घरात दिली जाणारी ‘असलं काही सापडलं तर फोन फोडून टाकीन’ ही धमकी घातक आहे. तिने मूल फोटो पाठवायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं.

त्याऐवजी काय म्हणायचं? शब्द साधे असू देत. ‘कुणी तुला घाबरवत असेल, तुझ्याकडून काहीही झालेलं असेल, रात्री दोनला असलं तरी मला उठव. आधी आपण ते थांबवू. फोन काढून घेणार नाही, कुणाला सांगणार नाही तुला विचारल्याशिवाय.’ हे एकदा म्हणून भागत नाही. वर्षातून दोन-तीनदा, जेवताना, गाडीवरून जाताना, सहज म्हणावं लागतं. आणि खास करून मुलग्यांना म्हणावं लागतं, कारण त्यांच्याशी या विषयावर कुणीच बोलत नाही. मुलीला निदान भीती तरी घातलेली असते, मुलाला काहीच सांगितलेलं नसतं.

पण मुलं आपल्या शब्दांपेक्षा आपली आधीची वागणूक बघतात. मूल मोठी गोष्ट सांगण्याआधी लहान गोष्टी सांगून बघतं. गेममध्ये टॉप-अपसाठी आईच्या फोनवरून बाराशे रुपये गेले. गेममधले ‘फ्री डायमंड’ मिळतील म्हणणाऱ्या लिंकवर पासवर्ड टाकला आणि गेमचं खातंच गेलं. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी शिव्या घातल्या. या वेळी तुम्ही काय केलंत, यावर ठरतं की दोन वर्षांनी ते तुम्हाला उठवेल की नाही. बाराशे रुपयांवरून आठवडाभर टोमणे बसले असतील, तर पुढचं आश्वासन ऐकून ते मान डोलावेल आणि मनात नोंद करेल की इथे सांगायचं नाही. बाराशेचा तोटा सोसून घ्यावा, असं माझं मत आहे. सोसून घ्यायचा म्हणजे काहीच करायचं नाही असं नाही. खाऊच्या पैशांतून फेडू दे, पण त्यावर प्रवचन नको.

‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढ्याने का भागत नाही

हा सल्ला आपण रस्त्यावरून उचलून फोनवर ठेवला. रस्त्यावर अनोळखी माणूस अनोळखी दिसतो. गेममध्ये तीन आठवडे रोज रात्री स्क्वॉडमध्ये एकत्र खेळलेला, हेडफोनवर बोललेला, हरल्यावर ‘जाऊ दे, उद्या बघू’ म्हणणारा, एखादी स्किन, म्हणजे गेममधल्या पात्राचा पेहराव, भेट देणारा माणूस मुलाला अनोळखी वाटतच नाही. तो ‘दादा’ झालेला असतो. लैंगिक शोषणाच्या हेतूने मुलाशी जवळीक वाढवणारे लोक नेमके असेच येतात. घाई करत नाहीत. ऐकून घेतात, कौतुक करतात, घरच्यांवर चिडलं की बाजू घेतात. मग हळूच म्हणतात, ‘हे आपल्या दोघांतच ठेव.’

म्हणून माणूस कोण हे ओळखण्यापेक्षा त्याची वागणूक ओळखायला शिकवणं जास्त उपयोगी. अगदी दुसरी-तिसरीतल्या मुलालाही हे कळतं. वाढदिवसाच्या भेटीचं गुपित वेगळं, ते चार दिवसांत फुटणारच असतं. जो मोठा माणूस कायमचं गुपित ठेवायला सांगतो, त्याचं गुपित ठेवायचं नाही, मग तो गेममधला दादा असो, क्लासचे सर असोत की नात्यातला कुणी. पाचवी-सहावीच्या मुलांना पुढचं सांगा. गप्पा एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर न्यायला सांगणं, फोटो मागणं, ‘घरी कोण आहे आत्ता?’ असं विचारणं, काहीतरी फुकट देणं, घाई करणं. यातलं काही झालं की खेळ तिथेच सोडायचा, निरोप घ्यायचीही गरज नाही. मोठ्यांशी उद्धटपणा करू नये, हे आपलं शिकवणं इथे आड येतं. ‘गेममध्ये उद्धट वागलास तरी चालेल’ हे मुलांना चक्क सांगावं लागतं.

आठवी-नववीनंतर मात्र उपदेशाचा उपयोग संपत येतो. तिथे वरचा सगळा डाव पायरी-पायरीने सांगा, एखाद्या गुन्ह्याची गोष्ट सांगावी तसा. पोरांना फसवणुकीच्या तऱ्हा ऐकायला आवडतात आणि ‘रिक्वेस्टला सात म्युच्युअल (दोघांच्या ओळखीचे) कसे काय?’ हे एकदा कळलं की ती स्वतःच मित्रांना सांगतात. सोळा-सतराच्या मुलांना आणखी एक सांगायला हवं. ‘तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला दोन-तीन हजार मिळतील’ असं कुणी म्हटलं तर ते खातं चोरीचे पैसे फिरवायला वापरलं जातं आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

जन्मवर्षाची भानगड

आता सेटिंगकडे येऊ. यादी लांबवत नाही, कारण ॲप्स दर काही महिन्यांनी पडदे हलवतात. एकच गोष्ट नीट बघा, ती म्हणजे खात्यावरचं जन्मवर्ष.

इन्स्टाग्रामने भारतात २०२५ पासून किशोरवयीनांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं. त्यात खातं आपोआप खासगी राहतं, ज्यांना मूल फॉलो करतं किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेलं आहे त्यांचेच मेसेज येतात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत असतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. चांगलं आहे. पण हे सगळं खात्यावरच्या वयावरून सुरू होतं. आणि आपल्याकडे कित्येक खाती कशी उघडली गेली? मूल दहा वर्षांचं, ॲपला हवीत किमान तेरा पूर्ण. मग मावसभावाने किंवा खुद्द बाबांनीच वर्ष टाकलं २००१. तेच मूल आज चौदाचं आहे आणि ॲपच्या नजरेत पंचविशीच्या आसपासचं. संरक्षण शून्य. प्रौढांना जे दिसतं ते सगळं त्याला दिसतं, आणि कुणीही त्याला मेसेज करू शकतं. जे मूल आईच्याच खात्यावरून रील बघतं, त्याचीही हीच गत.

तेव्हा मुलाला सोबत घेऊन बसा आणि जन्मतारीख दुरुस्त करा. लपूनछपून फोन तपासण्यापेक्षा याचा फायदा जास्त. शिवाय व्हॉट्सॲपमध्ये कुणीही ग्रुपमध्ये ओढू नये म्हणून ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा आणि अनोळखी नंबरचे कॉल गप्प करण्याची सोय सुरू करा. यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असेल तर आजच बदला.

मुलांना हे सगळं आपल्यापेक्षा जास्त येतं, असं पालक हसत सांगतात. अर्धंच खरं आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना ‘असर २०२४’ या शिक्षणविषयक पाहणीत विचारलं गेलं. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येत होतं, आणि प्रोफाइल खासगी करता येणारी होती ५५ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या मुलांना दार लावता येत नाही, आणि आपण समजतो ती घरची तंत्रज्ञ आहेत. असरच्या पाहणीत मुलींचे आकडे मुलग्यांपेक्षा कमी होते. फोन घरात एकच आणि तो आधी भावाच्या हातात, हे कारण त्यात असणारच.

घडलंच तर

समजा, मूल तुमच्यासमोर उभं आहे आणि सांगतंय. पहिली दोन मिनिटं तुमची आहेत. ‘बरं झालं सांगितलंस’ हे आधी म्हणा. बाकी सगळे प्रश्न दुसऱ्या दिवसावर ढकला.

पैसे द्यायचे नाहीत. आधी दिले असतील तर पुढचे नाहीत. विनवण्या करायच्या नाहीत, उत्तरच द्यायचं नाही. मग ते फोटो पसरवतील का? काही वेळा पसरवतात, उगाच खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण फोटो पसरवला की त्यांच्या हातातला दबाव संपतो आणि खातं बंद पडण्याची वेळ येते. ज्याच्याकडून पैसे येणार नाहीत हे दिसलं, त्याच्यावर वेळ घालवण्यापेक्षा पुढचा गाठणं त्यांना परवडतं. पैसे देणाऱ्याला सोडण्याचं मात्र त्यांच्याकडे काहीच कारण नसतं.

घाबरून चॅट पुसू नका. धमक्यांचे स्क्रीनशॉट, त्या खात्याचं युजरनेम आणि लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ, एवढं जपून ठेवा. मग त्या ॲपवर रिपोर्ट करा आणि त्यानंतर ब्लॉक. इथे एक चूक भली माणसंही करतात. मुलाचा तो फोटो ‘बघ काय झालंय’ म्हणून काकाला, वकील मित्राला फॉरवर्ड करतात. अठराखालच्या मुलाचं असं चित्र पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड. फोटो पाठवू नका, फोन पोलिसांना दाखवा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच जास्त असते. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या राष्ट्रीय पोर्टलवर मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते; पुढे तिचा पाठपुरावा करायचा असेल तर नाव-नंबर देऊन ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’ निवडा.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती चालवते अमेरिकेतली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन ही संस्था, पण ती कुठूनही वापरता येते. फोटो तिथे पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा, आणि तेवढाच पुढे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांसारख्या सामील कंपन्या तो ठसा जुळणारा फोटो आपल्याकडे सापडला तर काढू शकतात. व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये याचा उपयोग होत नाही. मूल स्वतः, नाव न देता हे करू शकतं, म्हणून आजच त्याला सांगून ठेवा. तुम्हाला कधीच न सांगणाऱ्या मुलालाही ते उपयोगी पडेल. याशिवाय २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर बंधन घातलं की नग्न किंवा छेडछाड केलेल्या चित्राबद्दल त्या व्यक्तीने तक्रार केली तर ठरलेल्या मुदतीत कारवाई करायची; ही मुदत आधी २४ तासांची होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली गेली.

पोलीस ठाण्याची भीती बहुतेक पालकांना तिथेच थांबवते. पॉक्सो, म्हणजे २०१२ चा मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांबाबतचा कायदा, या भीतीचा विचार करून लिहिलेला आहे. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो निदान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नको. रात्री कुठल्याही कारणाने मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे असंच घडतं, असं मी म्हणणार नाही. पण कलम ठाऊक असलेल्या पालकाशी बोलण्याची पद्धत वेगळी असते. आणखी एक बाब. मुलाच्या शरीराचं खरं ‘किंवा बनावट’ चित्र वापरण्याची धमकी देणं हे पॉक्सोच्या कलम ११ मध्ये पहिल्यापासून आहे. एआयने बनवलेला फोटो खोटाच आहे, मग गुन्हा कसला, असं कुणी म्हणालं तर तिकडे बोट दाखवा.

शाळांसाठी एवढंच, की ‘नाव खराब होईल, आपसात मिटवू’ हा पर्याय त्यांच्याकडे नाही. मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं की कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला, आणि संस्थाप्रमुखाला तर जास्त, कलम २१ खाली शिक्षा आहे.

आपलाच मुलगा दुसऱ्या बाजूला असला तर?

हा भाग पालकांना ऐकायला आवडत नाही. वर्गातल्या मुलीचा फोटो ॲपमध्ये टाकून ‘गंमत’ करणारा, किंवा आलेला फोटो ग्रुपवर पुढे ढकलणारा हा कुणाचा तरी मुलगाच असतो. त्याला गुंड असण्याची गरज नाही. ग्रुपमध्ये आलं, हसला, फॉरवर्ड केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलांचं असं साहित्य नुसतं जवळ बाळगणं आणि बघणंसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतं. ‘मी बनवला नाही, मला आला होता’ हा बचाव पुरत नाही. अठराखालचा मुलगा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातं. असा फोटो ग्रुपवर आला तर काय करायचं हे मुलाला आधीच ठाऊक हवं. पुढे पाठवायचा नाही, ठेवायचा नाही, ग्रुप सोडायचा, आणि ज्या मुलीचा आहे तिच्यापर्यंत किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसापर्यंत खबर पोचवायची.

मुलांना फोनच नको, हा सूर मधूनमधून लागतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांची खाती बंद केली. तिथे काय होतं ते जगाला दिसेलच. पण बंदी घरातला संवाद घडवून आणत नाही, आणि बंदी असताना लपून उघडलेल्या खात्यावर काही झालं तर सांगणं आणखी अवघड.

धमक्या थांबल्या, तक्रार झाली, म्हणजे प्रकरण मिटलं असं मोठ्यांना वाटतं. मुलाला पुढे कित्येक आठवडे प्रत्येक नोटिफिकेशनला छातीत धस्स होतं. झोप, जेवण, शाळेत जाणं यावर लक्ष ठेवा. ‘मी नसलोच तर बरं’ असं काही ते बोललं तर ते नाटक समजू नका, एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२. भांडणात तो विषय पुन्हा काढायचा नाही, ‘तेव्हा काय दिवे लावलेस माहीत आहे’ असं एकदाही म्हणायचं नाही.

आणि हे सगळं घडायच्या आधी, कुठल्याही साध्या दिवशी, मुलाला एक प्रश्न विचारा. ‘अशी वेळ आली आणि मला सांगायची हिंमत झाली नाही, तर तू कुणाला सांगशील?’ तुमचं नाव येणार नाही, ते गृहीत धरा. मामी, आत्या, मोठा चुलतभाऊ, शाळेतल्या एखाद्या बाई, ज्यांचं नाव येईल त्यांना त्याच आठवड्यात फोन करून सांगा की त्यांचं नाव आलंय, आणि त्यांच्याकडे १९३० आणि १०९८ हे दोन्ही क्रमांक लिहून ठेवायला द्या.